कोंडाईबारी ते धडगाव: जुन्या लष्करी ट्रकच्या सुट्या भागांमागे

धुळ्याजवळच्या अवधान औद्योगिक वसाहतीत आम्ही भाड्याने घेतलेली शेड चार महिने जवळजवळ रिकामी होती. तिच्यात एक वजनकाटा होता, साखळीचा चेन-पुली ब्लॉक होता आणि कोपऱ्यात पुढच्या ॲक्सलचे एक हौसिंग, म्हणजे आसाभोवतीचे पोलादी कवच, पडून होते. त्या हौसिंगविषयी पुढे लिहीनच. लष्कराने सेवेतून काढलेल्या ट्रकचे सुटे भाग विकण्याचा व्यवसाय मी आणि माझे मावसभाऊ मिळून सुरू केला. ते भूदलाच्या ई.एम.ई. या यंत्रे आणि वाहने दुरुस्त करणाऱ्या शाखेतून वाहन मिस्त्री म्हणून निवृत्त झाले असून मी त्यांना दादा म्हणतो. मला लिलावात बोली लावण्याची घाई झाली होती. दादांचे म्हणणे वेगळे होते. "कोणाच्या गाडीत काय तुटतं, ते आधी त्यांच्या दारी जाऊन बघू. मग माल घेऊ," असे ते म्हणाले आणि मार्गशीर्षातल्या एका पहाटे आम्ही पिकअप घेऊन सुरतच्या रस्त्याने निघालो.

या धंद्यात माल कोठून येतो ते आधी सांगतो. सरकारी जुन्या सामानाचे बरेचसे लिलाव एम.एस.टी.सी. या १९६४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीच्या संगणकीय मंचावर होतात. विक्री 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे' या अटीवर होते. भंगार लोखंडाच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. २०२१ च्या नियमांनुसार आयुर्मान संपलेले वाहन फोडण्याचे काम नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच झाले पाहिजे. म्हणून आम्ही स्वतः गॅस कटर घेऊन ट्रक फोडत नाही. केंद्राने मोकळे केलेले ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी), पाटे आणि चाके आम्ही पावतीसह विकत घेतो, उघडतो, धुतो, तपासतो आणि ज्याला हवे त्याला देतो. गरज नसलेला भाग घेतला तर तो शेवटी वजनावरच जातो, आणि वजनावर विकायचे असेल तर आमच्यासारख्यांची मुळी आवश्यकताच नाही.

साक्री मागे टाकल्यावर कोंडाईबारी घाट सुरू होतो. बंद पडलेली आणि उलटलेली वाहने ओढणारे क्रेनवाले तेथे घाटाच्या तोंडाशी बारा महिने उभे असतात. त्यांच्यातल्या एकाकडे शक्तिमान आहे. शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याखाली १९५९ पासून जबलपूरला बनलेला, चारही चाकांना जोर देणारा ट्रक. त्याचे उत्पादन १९९६ पर्यंत चालले. म्हणजे आज रस्त्यावर असलेला सर्वांत नवा शक्तिमानसुद्धा पाव शतकाहून जुना आहे आणि त्याचा नवा भाग कोणत्याही दुकानात मिळत नाही. क्रेनवाल्याने हौदा काढून तेथे लोखंडी बूम बसवली होती. पुढे मात्र सगळे मूळचेच होते.

या क्रेनवाल्याकडे जाताना माझे पाय जड झाले होते. उन्हाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्याकडून मी पुढच्या ॲक्सलची दोन हौसिंग घेतली होती. त्याने "जोडी बरोबर आहे" असे सांगितले, मी त्यावर विश्वास ठेवला आणि त्यातले एक या गृहस्थांना विकले. दुसरे ते शेडच्या कोपऱ्यातले. त्या हौसिंगमध्ये पूर्वी कोणीतरी वेगळ्या दातांची क्राउन-पिनियनची जोडी, म्हणजे शाफ्टचा जोर चाकांकडे वळवणारी मोठी आणि लहान दातेरी चाके, बसवलेली होती. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलचे (ही जोडी ज्यात बसते त्या गोळ्याचे) गुणोत्तर, म्हणजे क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, एकच असावे लागते. ते वेगळे असले की पुढची आणि मागची चाके एकाच वेळी निरनिराळ्या वेगाने फिरू पाहतात. चिखलात टायर घसरून हा फरक निघून जातो, पण कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही आणि सगळा ताण मधल्या ट्रान्सफरच्या गिअरवर येतो. त्यांनी पुढचा जोर लावून एक भरलेला टँकर चढावर ओढायला घेतला आणि ट्रान्सफरच्या गिअरचे दात निघाले. मी न मोजता माल दिला होता, त्यामुळे चूक माझीच होती. मी पैसे परत केले आणि त्यांचा तुटलेला ट्रान्सफर दुरुस्त करून देण्याचे कबूल केले. त्यांनी चहा मागवला आणि एवढेच म्हटले, "भाऊ, आता तरी मोजायचं कसं ते मलाही शिकवा."

दादांनी तेथेच शिकवले. क्रेनच्या मागच्या एका चाकाखाली जॅक लावून ते उचलले आणि दुसरे चाक जमिनीवरच ठेवले. गिअर न्यूट्रल करून बाकीच्या चाकांखाली दगड अडकवले. ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर आणि त्याच्या शेजारी चासीवर खडूची एकेक रेघ मारली, उचललेल्या चाकावरही एक खूण केली. मग ते चाक हाताने सावकाश पूर्ण दोन वेळा फिरवले आणि तेवढ्यात शाफ्टवरची रेघ चासीवरच्या रेघेसमोरून किती वेळा गेली ते मोजले. एक चाक स्थिर असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्या म्हणजे क्राउनची एक फेरी, म्हणून मोजलेला आकडा हेच गुणोत्तर. मागे सहाला थोडे अधिक आले. सुटे करून बाजूला ठेवलेल्या आमच्या हौसिंगचे दातच मोजता आले, आणि तेथे भागाकार पूर्ण सात आला. सारे काम अर्ध्या तासाचे होते. तेवढा अर्धा तास मी उन्हाळ्यात दिला नव्हता.

याच गाडीवर मी आणखी एक गोष्ट जवळून पाहिली. मागच्या डिफरन्शिअलच्या गोळ्यावर काळ्या वंगणाच्या थराखाली पांढरा रंग होता. दादांनी चिंधीने पुसून तो दाखवला. रात्री ताफा चालताना हेडलाइट लावायचे नसतात. तेव्हा चासीखालचा एक लहानसा दिवा या पांढऱ्या गोळ्यावर प्रकाश टाकतो आणि मागचा चालक तेवढ्या ठिपक्यावर नजर ठेवून अंतर राखतो. दादांनी अनेक रात्री असा ठिपका पाहत गाडी चालवली आहे. ते सांगत असताना त्यांचा हात त्या गोळ्यावरच होता.

विसरवाडीवरून आम्ही नंदुरबारला वळलो. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या होत्या. लाल मिरची जमिनीवर दूरवर पसरलेली होती आणि गाडीच्या काचा बंद असूनही घशात ठसका उठत होता. तेथे आमचे काम नव्हते. हातोडा पुलावरून तापी ओलांडून दुपारी तळोदे गाठले.

इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरमध्ये तळोद्याचा उल्लेख खानदेशातील इमारती लाकडाची मुख्य बाजारपेठ असा आहे आणि येथे बनणाऱ्या बैलगाड्यांचीही त्यात वाखाणणी आहे. जड ओझे डोंगरातून खाली आणण्याची विद्या या गावाला जुनी आहे, हे तेथल्या गॅरेजमध्ये बसल्यावर पटते. गॅरेजच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना आम्ही विचारले की लष्करी गाड्यांचे काय जास्त लागते. माझी कल्पना होती की ते इंजिन म्हणतील. त्यांनी बोटांवर मोजत सांगितले ते असे: पुढच्या ॲक्सलचे जॉइंट, नकलचे (पुढचे चाक वळवणाऱ्या सांध्याचे) सील, ट्रान्सफरचे बेअरिंग, चाकाची लॉक रिंग. इंजिन दुसरे बसवता येते आणि अनेकांनी बसवलेही आहे, पण पुढच्या चाकाला वळता वळता जोर देणारा जॉइंट दुसऱ्या गाडीचा चालत नाही. दादांनी वहीत ही यादी लिहून घेतली. माझ्या मनातल्या खरेदीच्या यादीत इंजिने सर्वांत वर होती, ती तेथे सर्वांत खाली गेली.

लॉक रिंगविषयी मिस्त्री फार पोटतिडकीने बोलले. जुन्या रिमचे दोन भाग असतात आणि टायर जागेवर धरणारी पोलादी रिंग खोबणीत बसते. गंजलेली किंवा दुसऱ्या रिमची रिंग बसवून हवा भरली तर ती उडते आणि समोरचा माणूस वाचत नाही. त्यांनी हवा भरण्यासाठी जाड सळ्यांचा पिंजरा करून घेतला आहे. आम्ही तेव्हाच ठरवले की रिंग आणि रिम वेगवेगळे विकायचे नाहीत, आणि खड्डे पडलेली रिंग सरळ भंगारात टाकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदसैली घाटाने धडगावकडे चढलो. पावसाळ्यात या घाटात दरड कोसळते. डिसेंबरमध्येही काही वळणांवर अर्धा रस्ता मातीखाली होता. सातपुड्याच्या या भागात, अक्राणी तालुक्यात, पाड्यांपर्यंत सिमेंट, खांब आणि पाण्याच्या टाक्या पोहोचवणाऱ्या माणसाला फक्त मागच्या चाकांना जोर देणारा ट्रक पुरत नाही. आम्हाला ज्यांना भेटायचे होते ते गृहस्थ पावरा समाजातले. त्यांच्या अंगणात टाटाचा एल.पी.टी.ए. जातीचा अडीच टनी लष्करी ट्रक उभा होता. रीतसर कागद करून नागरी नंबर घेतलेली ती गाडी गेले दोन महिने पुढच्या क्राउन-पिनियनसाठी उभी होती. बंपरवर नव्या रंगाखालून जुना लष्करी क्रमांक अजून उमटत होता. आधी वर टोक असलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि अनुक्रमांक. बाण कशासाठी, असे त्यांच्या शाळकरी मुलाने विचारले. दादा म्हणाले, "पाटी उलटी पडली तरी क्रमांक उलटा वाचला जाऊ नये म्हणून. आणि हे दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत आली ते साल."

तुटलेले क्राउन त्यांनी गोणपाटात जपून ठेवले होते. आम्ही दोघांनी दोनदा दात मोजले, मागचे गुणोत्तर खडूने पडताळले आणि आकडा त्यांच्याच वहीत त्यांच्या अक्षरात लिहून घेतला. ते आगाऊ रक्कम देऊ लागले. ती दादांनी घेतली नाही. माल हातात नसताना पैसे घ्यायचे नाहीत, असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले आणि मला ते मान्य आहे.

परतताना म्हसावदमार्गे शहादा, तेथून पपईच्या बागांमधून सारंगखेडा. दत्तजयंतीची यात्रा भरली होती. तापीकाठी घोड्यांच्या रांगा होत्या. एक शेतकरी एका तांबड्या घोड्याचा ओठ वर करून शांतपणे दात बघत होता आणि विकणारा तितक्याच शांतपणे लगाम धरून उभा होता. दादा बराच वेळ तेथे थांबले. आमच्या पिकअपमध्ये कोंडाईबारीहून परत घेतलेले हौसिंग पाहून एकाने अहिराणीत विचारले, "भाऊ, हाई मिलिट्रीनं शे का?" हो म्हटल्यावर त्याने बामखेड्याकडच्या एका बोअरवेलवाल्याचा पत्ता दिला. वहीतले ते सातवे नाव.

दोंडाईचा, शिंदखेडा करीत रात्री धुळ्याला पोहोचलो. पुढच्या आठवड्यात स्क्रॅपिंग केंद्रावर जाऊन आम्ही फक्त वहीतल्या नावांपुरता माल निवडला: तीन पुढचे ॲक्सल, दोन ट्रान्सफर, रिंगेसह आठ रिम, आणि इंजिन एकही नाही. प्रत्येक हौसिंग तेथेच उघडून दात मोजले आणि आकडा पांढऱ्या ऑइल पेंटने वर लिहिला. धडगावची जोडी दादा स्वतः घेऊन गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मागे इंजिनाचा आवाज येत होता. खडूने पुन्हा मोजले, पुढे आणि मागे आकडा एकच आहे आणि गाडी अंगणातून बाहेर निघाली आहे, एवढे त्यांनी सांगितले.