तुंब्याच्या मागावर: परभणी, म्हैसमाळ, गौताळा आणि बालाघाट

गौरी-गणपती उरकले की पार दिवाळी होऊन जाईपर्यंत मराठवाड्यात तुंबा, म्हणजे बांधावर-माळावर उगवणारं पांढऱ्या फुलांचं रोप, फुललेला असतो, त्या काळात ज्यांना सुट्टी काढून गाडी काढणं जमेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचा रूट असा होता की परभणीहून जालना मार्गे संभाजीनगर, तिथून खुलताबादवरून म्हैसमाळ, मग कन्नडकडे गौताळा, आणि परत येताना बीडकडे उतरून मांजरसुंबा, कपिलधार आणि शेवटी येडशी. नकाशावर बघितलं तर हा रूट वाकडा वाटेल पण तो मुद्दाम तसा आहे, कारण काळी जमीन, मुरमाड माळ, डोंगरमाथा आणि बालाघाटातलं झुडपी रान हे सगळं एका फेरीत येतं, आणि तुंब्याच्या जाती ओळखायच्या तर जमीन बदलली की झाड कसं बदलतं ते आधी डोळ्यांना दिसायला पाहिजे.

तुंबा म्हणजे ल्यूकास, तुळशीच्या कुळातली प्रजाती (इंग्रजीत जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट). चौकोनी खोड, समोरासमोर पानं, पेरापेराला फुलांचे गुच्छ, पांढरं फूल आणि त्याच्या वरच्या ओठावर दाट लव. इतकं जुळलं की प्रजाती पक्की झाली समजा. पण तुळशीसारखा घमघमाट येत नाही बरं का, पान चुरगाळलं तर उग्र हिरवा वास येतो तेवढाच. तुळस, सब्जा, पुदिना ही वासाची मंडळी कुळातल्या दुसऱ्या शाखेत बसतात, तुंबा वेगळ्या शाखेत. प्रजातीचं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने १८१० मध्ये छापलं, तेही ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतींवर लिहिताना, त्याआधी आपले तुंबे फ्लोमिस नावाखाली नोंदलेले होते. जगात साधारण शंभर जाती धरतात आणि त्या आफ्रिका, अरबस्तान, भारत, आग्नेय आशिया ते ऑस्ट्रेलिया एवढ्या पट्ट्यात पसरल्यात. त्यातल्या चाळीसच्या आसपास एकट्या भारतात आहेत, म्हणजे आपण चांगलेच श्रीमंत आहोत आणि तरी याला तण म्हणून उपटून टाकतो.

सुरुवात परभणीच्या बाजूनेच केली, कापूस आणि सोयाबीनचे बांध. इथे दोनच जाती धरून चला, ल्यूकास अस्पेरा आणि ल्यूकास सेफॅलोटीस (पुढे सगळ्या जातींचं नुसतं दुसरं नाव लिहितो), पण त्या एकमेकींच्या शेजारी उगवतात म्हणून इथेच नीट शिकून घ्या. बांधावर वाकून बघत होतो तर कापूस वेचणाऱ्या एका मावशींनी हाक मारली, "काय हुडकायलाव बाबा, काही हरवलं का?" म्हणलं मावशी, तुंबा बघायलोय. "ह्ये व्हय? ह्यो कुंभा हाय की! कापसात लई माजतंय, उपटू उपटू हात दुखायलेत. आमी ल्हान असताना ह्येची फुलं चोखायचो, लई गोड." मग त्यांनीच दोन झाडं आणून शेजारी शेजारी धरली आणि म्हणल्या ह्यो गोंड्याचा आणि ह्यो बारका. फरक अगदी बरोबर सांगितला त्यांनी! सेफॅलोटीसचा गुच्छ मोठा गोल गोंडा असतो, अडीच ते पाच सेंटिमीटर, आणि गोंड्याखाली ब्रॅक्ट, म्हणजे फुलांच्या बुडाशी असणारी छोटी पानं, रुंद आणि एकावर एक चढलेले असतात. अस्पेराचे गुच्छ लहान, ब्रॅक्ट दोऱ्यासारखे बारीक आणि कडेला राठ केस.

आता फूल चोखण्याबद्दल, कारण हे वाचून कुणीतरी करणारच. माळावर, रानात चोखा खुशाल, पण शेताच्या बांधावर अजिबात नको. कापूस सोयाबीनवर फवारण्या चालूच असतात आणि बांधावर तणनाशक मारलेलं असतं, ते डोळ्याला दिसत नाही. आणि शेतात शिरायच्या आधी मालकाला विचारा, नुसतं "मामा, फोटो काढू का" म्हणलं तरी पुरतं, उलट तेच चार झाडं दाखवतात.

आता मुख्य गोष्ट. तुंबा ओळखायचा तर फुलापेक्षा त्याच्या खालच्या हिरव्या नळीकडे जास्त बघा, म्हणजे निदलपुंज, सगळे कॅलिक्सच म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो. बहुतेक सगळ्या जातींची फुलं पांढरी आणि एकमेकींसारखीच, शिवाय दुपारपर्यंत बरीच गळून पडतात. कॅलिक्स मात्र झाड वाळलं तरी जागेवर राहतो. अस्पेराचा एक कॅलिक्स अलगद सोडवून भिंगाखाली धरला, एक सेंटिमीटरच्या आसपास लांब, थोडी वाकलेली नळी, खालचा अर्धा भाग गुळगुळीत आणि पातळ, वरच्या अर्ध्यावर उभ्या शिरा आणि राठ केस, आणि तोंड तिरकं, बोरूचं टोक कापावं तसं. त्या तिरक्या तोंडाच्या कडेला छोटे त्रिकोणी दात, सगळ्यात वरचा दात इतरांपेक्षा मोठा. आत तळाला चार बिया, तपकिरी आणि तीन धारांच्या. हे एकदा नीट बघितलं की पुढची सगळी ट्रिप सोपी जाते, कारण मग प्रत्येक झाडाला एकच प्रश्न विचारायचा, तोंड सरळ आहे का तिरकं, आणि दात कसे आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथमने १८३२ ते १८३६ च्या दरम्यान या कुळावर जे मोठं काम केलं त्यात या प्रजातीचे गट पाडताना कॅलिक्सच्या तोंडालाच मान दिलाय, आणि फील्डवर आजही तीच खूण कामाला येते. भिंग दहापटीचं घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतं, मोबाईलच्या मॅक्रोवर विसंबू नका, केस आणि दात त्यात नीट येत नाहीत.

म्हैसमाळला संभाजीनगरहून सकाळी लवकर निघा. खुलताबादपासून बारा-तेरा किलोमीटरचा चढ आहे, एसटीच्या भरवशावर राहू नका, स्वतःची गाडी किंवा बाईक बरी. शनिवार-रविवार टाळा, वर गिरिजादेवीच्या मंदिराकडे आणि पॉइंटवर फार गर्दी होते. माथा साडेतीन हजार फुटांच्या आसपास आहे आणि तिथे जमीन एकदम बदलते, पातळ मुरूम, उघडा खडक, गुडघाभर गवत. इथे शेतातला तुंबा रस्त्याच्या कडेपुरता राहतो, गवतात शिरलं की अरुंद लांब पानांची वेगळीच काडी दिसायला लागते, गुच्छ एकमेकांपासून लांब लांब. ती लाँगिफोलिया, भारताबाहेर कुठेच नाही ही जात. मला या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त आनंद या झाडाने दिला, दिसायला काहीच नाही, गवतात गवतासारखं, पण अस्पेरा आज मॉरिशसपासून फिलिपिन्सपर्यंत सापडतो आणि त्याच्याच प्रजातीतली ही बाई आपला माळ सोडून कुठे गेली नाही. माणसाने जमीन नांगरली, उकरली की काही जातींचं फावतं, आणि काहींना तो न नांगरलेला माळच लागतो. म्हणून माळावर प्लॉटिंग झालं, खडी उपसली की नुकसान कुणाचं होतं ते इथे उभं राहून कळतं.

म्हैसमाळलाच कडेच्या खडकाळ भागात निळसर-जांभळ्या तुऱ्याची गोरेआ पण बघा, चिरलेल्या पानांची, हीसुद्धा तुळशीच्याच कुळातली आणि खरीखुरी लॅव्हेंडर आहे, लॅव्हंडुला बायपिनाटा. लोक लॅव्हेंडर बघायला कुठे कुठे जातात आणि आपल्याकडे रानात उभी आहे. असो, विषय तुंब्याचा.

गवतात फिरताना बूट घोट्याच्या वर येणारे पाहिजेत. एक तर कुसळी, मोज्यात घुसली की दिवसभर टोचते, आणि दुसरं म्हणजे घोणस आणि फुरसं, ऊन चढायच्या आधी दगडावर बसलेली असतात. काठी आपटत चला आणि फोटो काढायला गुडघा टेकण्याआधी जागा बघून घ्या.

गौताळ्याबद्दल थोडक्यात. औट्रम घाटाच्या वरचं हे अभयारण्य आहे, १९८६ चं, साधारण २६० चौरस किलोमीटर. आत शिरताना वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते आणि आत झाड, फांदी, बी काहीही तोडायला परवानगी नाही, नमुना गोळा करायचा तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. आम्ही फक्त फोटो काढले. पायवाटेच्या कडेला आडव्या पसरलेल्या बारीक फांद्यांची बायफ्लोरा मिळाली, पानाच्या बगलेत बहुतेक दोनच फुलं, गोंडा नाहीच, आणि कॅलिक्सचं तोंड सरळ. अस्पेराचं तिरकं तोंड डोळ्यात बसलेलं असल्याने हिला भिंग न लावताच ओळखता आलं. कॅलिक्सचे दात चांदणीसारखे बाहेर पसरलेले अशाही जाती आहेत, स्टेलिगेरा वगैरे, पण त्या सह्याद्रीच्या माथ्याच्या, त्यासाठी महाबळेश्वर-पुण्याकडची वेगळी ट्रिप करा.

गौताळा ते कन्नड रस्त्याला आणि पुढे बीडपर्यंत पडीक जागांवर, जुन्या वाड्यांच्या भिंतींजवळ दीपमाळ उभी दिसेल, पुरुषभर उंच, काटेरी गोल गोंडे एकावर एक आणि त्यातून नारिंगी फुलं, त्यावर सूर्यपक्षी येतात. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका कारण ती या गोष्टीत अगदी मध्यावर आहे. दीपमाळ म्हणजे लिओनोटिस, नाव वेगळं, रंग वेगळा, पण शीन आणि अल्बर्ट या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००७ आणि २००९ मध्ये जे काम प्रसिद्ध केलं, त्यातल्या डीएनएच्या अभ्यासात असं निघालं की लिओनोटिस, अ‍ॅक्रोटोम आणि ऑटोस्टेजिया या प्रजाती ल्यूकासच्या आतच जाऊन बसतात. म्हणजे आफ्रिकेतले काही तुंबे आपल्या आशियातल्या तुंब्यांपेक्षा दीपमाळेला जास्त जवळचे आहेत. आशियातल्या जाती मात्र एका घरातल्या निघतात. याचा अर्थ असा की आज ज्याला आपण ल्यूकास म्हणतो ती चौकट अशीच राहणार नाही, एक तर आफ्रिकेतल्या जातींना वेगळी नावं द्यावी लागतील नाहीतर दीपमाळेलाच तुंब्यात घ्यावं लागेल. मला स्वतःला पहिला मार्ग बरा वाटतो, दीपमाळ आणि तुंबा एकाच नावाखाली आले तर फील्डवर ओळखायला नावाचा उपयोगच राहणार नाही. दोन्हींचे कॅलिक्स शेजारी ठेवून बघा, शिरा आणि दातांची ठेवण बघून नातं पटतं.

नावावरून मूळ ठरवू नका हेही इथेच सांगतो. मार्टिनिसेन्सिस नावाची एक जात भारतात बऱ्याच ठिकाणी आहे, नाव वेस्ट इंडीजच्या मार्टिनिक बेटावरून पडलं कारण वर्णन तिथल्या नमुन्यावरून झालं, पण झाड मूळ आफ्रिकेचं. फुलं इतकी बारीक की कॅलिक्सच्या बाहेर जेमतेम डोकावतात, आणि वरचा एक दात लांब होऊन वर वळलेला असतो. हे दोन बघितले की संपलं.

बीडहून सोलापूर रस्त्याला मांजरसुंबा आणि तिथून आत कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत गाडी लावायला जागा मिळत नाही, ते दिवस टाळा. धबधब्याजवळच्या ओल्या सावलीत तुंबा शोधत बसू नका, वरच्या उघड्या डोंगरउतारावर बघा. येडशीला रामलिंगच्या रानात मात्र वाटेवर जागोजागी विलायती रानतुळस माजलीय, मूळ अमेरिकेची, माणसापेक्षा उंच आणि वास असा की डोकं उठतं. ती आणि गाजरगवत जिथे दाट झालंय तिथे तुंबा एखाद-दुसराच दिसतो, हे आम्हाला येडशीतच नाही तर अख्ख्या रस्त्याला जाणवलं. येडशीला रेल्वे स्टेशन आहे, लातूर-मिरज लाइनवर, त्यामुळे गाडी नसलेल्यांना एवढा एक टप्पा तरी सहज जमेल.

फोटो काढताना एका झाडाचे किमान पाच काढा. पूर्ण झाड जमिनीसकट, पानाची वरची आणि खालची बाजू, अख्खा गुच्छ, कॅलिक्स बाजूने आणि कॅलिक्सचं तोंड समोरून, आणि शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. नुसत्या पांढऱ्या फुलाच्या क्लोजअपवरून कुणीच जात सांगू शकणार नाही, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर असे फोटो ढिगाने पडून आहेत. लोकेशनबरोबर जमिनीचा प्रकार लिहा, काळी, मुरूम, खडक, कारण पुढच्याला त्याचाच जास्त उपयोग होतो. ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी व्ही. एन. नाईक यांचा १९९८ चा फ्लोरा ऑफ मराठवाडा हा इथल्या वनस्पतींवरचा ग्रंथ लायब्ररीत बसून बघावा, आपल्या भागासाठी तोच आधार आहे.

या रूटमध्ये किनवट-माहूरचं सागाचं रान राहिलंय, नांदेडकरांना ते जवळ पडेल. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा, त्याआधी काळ्या जमिनीत गाडी रुतते, आणि रानात आत जाण्याआधी तिथल्या वनरक्षकाला भेटून वाट विचारून घ्या. तिकडे कॅलिक्सचं तोंड एका बाजूने चिरलेलं झाड दिसलं तर त्याचे फोटो आवर्जून टाका, ती अर्टिसिफोलिया असू शकते, आणि ती कोरड्या माळावर होती का रानात हे तेवढं लिहा.