अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल पार तळाला, तरी गाडी उचलत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, हा प्रश्न मला सारखा येतो. "दादा, जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतलीय, पेडल पार तळाला लागायलंय तरी पिकअप नाही, कार्बोरेटर बदलून टाकू का?" नका बदलू, एवढ्यात तरी नका. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग. आधी इंजिन बंद करा, एकाला आत बसवून पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून कार्बोरेटरचा लिव्हर हातानं अजून पुढं ढकलून बघा. सरकला? मग तुमचा कार्बोरेटर आजवर कधी पूर्ण उघडलाच नाही.

आता इथं लोक काय करतात, तर केबल ताणतात. त्यानं काही होत नाही हो. पेडलचा प्रवास जेवढा आहे तेवढाच राहतो, केबल ताणली की तो नुसता पुढं सरकतो, मग पाय काढला तरी रेस खाली येत नाही आणि सिग्नलला गाडी ओरडत उभी राहते. प्रवास कुठं हरवायलाय ते शोधा. बऱ्याचदा पेडलखाली जाड मॅट घातलेली असते, ती काढली तरी बराच फरक पडतो. पेडलचा वरचा स्टॉप वाकला असेल तर पेडल आधीच खाली लोंबतं. आणि केबलचं बाहेरचं आवरण बघाच, पेडल दाबताना त्याचा बाक सरळ व्हायला लागला किंवा टोक आपल्या जागेतून हललं, तर तुमच्या पायाची ओढ कार्बोरेटरपर्यंत पोचतच नाही.

सेटिंग मात्र कार्बोरेटरकडून पेडलकडं करत यायचं, उलटं नाही. सुरुवातीच्या एमजीबीच्या 1798 सीसी इंजिनावर एसयू कंपनीचे एचएस4 मॉडेलचे दोन कार्बोरेटर, दोघांना जोडणारा शाफ्ट मध्ये. केबल ढिली करा, शाफ्टचे क्लॅम्प ढिले करा, म्हणजे दोघं आपापले सुटे झाले. मग इंजिन गरम करून, रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं आळीपाळीनं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा फुसफुस आवाज सारखा येईपर्यंत आयडलचे (पेडल न दाबता इंजिन जेवढ्या रेसवर चालतं ते ठरवणारे) स्क्रू फिरवा. चोक (थंड इंजिन सुरू करताना ओढायची कळ) पूर्ण आत असताना फास्ट आयडलचा, म्हणजे चोक ओढल्यावर रेस वाढवणारा, स्क्रू कॅमला टेकत नाही ना, हे त्याआधीच बघून घ्या, नाहीतर सगळं फुकट. नंतर इंजिन बंद करून शाफ्टच्या स्टॉपखाली 12 थाऊचं (इंचाचे 12 हजारांश) फिलर गेज, म्हणजे साधारण 0.3 मिमी जाडीची पट्टी, घाला, शाफ्टच्या दोन्ही पिना आपापल्या कार्बोरेटरच्या लिव्हरवरच्या फोर्कच्या खालच्या बाजूला हलक्या टेकवा आणि क्लॅम्प आवळा. गेज काढलं की पिनांना जरासा प्ले (मोकळी जागा) मिळतो. तेवढ्यानं दोघं पूर्ण बंद होतात आणि उघडतानाही बरोबरच उघडतात.

मग केबल, तीही किंचित ढिली ठेवूनच. आणि शेवटी पेडलचा स्टॉपर: बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली हवेची गोल झडप) पूर्ण उघडला की त्याच क्षणी पेडल स्टॉपरला टेकलं पाहिजे. स्टॉपर नसेल तर फ्लोअरला बोल्ट आणि चेकनट लावून घ्या. नाहीतर पायाचा सगळा जोर केबल आणि बटरफ्लायच्या स्पिंडलवर (दांड्यावर) जातो, आणि केबल तुटली तर दौलताबादहून खुलताबादला चढतानाच तुटणार.

लिव्हर छोटा करून प्रवास भरून काढता येतो, बरेच जण तसं करतातही, मला ते पटत नाही. बटरफ्लाय सुरुवातीला थोडासा उघडला तरी हवा झपाट्यानं वाढते, शेवटी शेवटी फारसा फरक पडत नाही. लिव्हर छोटा केला की ती सुरुवात अजूनच तिखट होते, मग शहागंजच्या गर्दीत पहिल्या गियरला गाडी नुसती उड्या मारते. आधी हरवलेला प्रवास परत मिळवा, लिव्हरला हात सगळ्यात शेवटी.

केबलच्या आत नायलॉनचं अस्तर असेल तर ग्रीस घालू नका, आपल्याकडची उन्हाळ्याची धूळ त्यात बसली की पॉलिश पेपरसारखं घासतं. आणि रिटर्न स्प्रिंगा, म्हणजे पाय काढल्यावर लिव्हर परत बंद करणाऱ्या, दोन हव्यात. एक काढून नुसत्या दुसरीवर लिव्हर पार बंद होतो का बघा, मग अदलाबदल करून बघा. एकीवर जरी अडकला तरी गाडी रोडवर काढू नका.