डोळ्याचं प्रेशर २४ आलं, मग काय काय झालं (माझा अनुभव)

चष्म्याचा नंबर बदलायला नौपाड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले तर हवा मारणाऱ्या मशीनवर उजव्या डोळ्याचं प्रेशर २४ आलं. साधारण १० ते २१ नॉर्मल धरतात, आणि आईला काचबिंदू आहे त्यामुळे पोटात गोळाच आला.

डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं, प्रेशर जास्त म्हणजे काचबिंदू झालाच असं नाही, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब व्हायला लागली की काचबिंदू. डोळ्यात सतत पाणी तयार होतं, ते कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं, तिथे निचरा नीट झाला नाही की दाब वाढतो. नसेतले दहा लाखांच्या आसपास तंतू डोळ्याच्या मागच्या बाजूला चाळणीसारख्या भागातून बाहेर पडतात, ताण तिथेच येतो आणि ते हळूहळू मरतात. पण कोणाची नस २४ ला वर्षानुवर्षं ठणठणीत राहते आणि कोणाची १६ ला पण जाते, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका प्लीज.

मग पिवळा ड्रॉप घालून निळ्या लाईटवर परत प्रेशर बघितलं, २३. कॉर्नियाची (बुबुळावरचा पारदर्शक भाग) जाडी निघाली ५०० मायक्रॉन, सरासरी ५४० च्या आसपास असते, आणि कॉर्निया पातळ असला की प्रेशर कमी दिसतं म्हणे, म्हणजे खरं अजून जास्तच असणार.

फील्ड टेस्टला (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते तपासतात) मात्र जाम टेन्शन आलं. एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून समोरच्या दिव्यावरून नजर हलवायची नाही, कडेला कुठे बारीक लाईट चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच दिसत नाही आणि वाटतं आपली नजर गेली, पण लाईट मुद्दामच इतके अंधुक करत नेतात, घाबरू नका, मान अवघडली तर सांगून थांबा.

ओसीटीत (डोळ्याच्या आतल्या थरांचं स्कॅन) नसेचा थर खालच्या बाजूला पातळ आला आणि फील्डमध्ये डाग वरच्या बाजूला, कारण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर चित्र उलटं पडतं. दोन्ही रिपोर्ट जुळले तेव्हाच काचबिंदू म्हणाले. मला स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं, दुसरा डोळा भरून काढतो ना.

आता रोज रात्री लॅटानोप्रोस्ट या प्रेशर कमी करणाऱ्या ड्रॉपचा एक थेंब, घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा. प्रेशर १६ वर आलंय. गेलेली नस परत येत नाही, उरलेली सांभाळायची.

ऐरोलीच्या बहिणीला पण पाठवलं, सख्ख्या भावंडांना धोका जास्त असतो. तिचं प्रेशर १७ आलं तरी मी म्हटलं नस बघितल्याशिवाय उठू नकोस. नस चांगली आहे, वर्षाने परत बोलावलंय.