तीस दिवसांची नोटीस

आपल्या मर्जीने लग्न करता येणं हे स्वातंत्र्य, आणि त्यासाठी कुणाचीही जात न विचारली जाणं ही समता. या दोन्हींची खरी परीक्षा विवाह अधिकाऱ्याच्या टेबलाशी होते. १८७२ च्या कायद्याने नोंदणी लग्न करायचं तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुणीच नाही असं लिहून द्यावं लागे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात धर्म सोडायची गरज नाही. लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस मात्र द्यावी लागते, आणि घोडं अडतं ते तिथे.

आधी ती नोटीस तुम्हाला लागते का, ते बघा. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा पुरतो. मराठा मुलगी आणि बौद्ध मुलगा यांना महिनाभर थांबायचं कारणच नाही. फक्त विधी खरोखर झाला पाहिजे. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर ते लग्न ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून विधीचे फोटो आणि साक्षीदार सांभाळा.

धर्म वेगळे असतील तर विशेष विवाह कायदा. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. दोघांपैकी एकाने नोटिशीआधी सलग तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं. नोटीस कार्यालयातल्या फलकावर लागते. गावाला कळू नये म्हणून जोडपी पुण्या-मुंबईत नोटीस देतात, पण कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. बातमी फुटते ती अशी. सज्ञान माणसांचे नाव-पत्ते असे भिंतीवर लावणं मला सरळ अन्याय वाटतं. पण तरतूद आहे तोवर तिचा हिशेब धरूनच राहण्याची सोय आधी करा.

हरकत कुणीही घेऊ शकतो, पण कारणं मोजकी आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, संमती देण्याइतकी मानसिक स्थिती नसणं, वय कमी असणं, निषिद्ध नातं. जात, धर्म, आईवडिलांचा नकार यांपैकी काहीही चालत नाही. हरकतीचा निकाल अधिकाऱ्याने तीस दिवसांत द्यायचा असतो. विरुद्ध गेला तर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर नोटीस नव्याने द्यावी लागते.

कागदांत सगळ्यात जास्त नडतो तो मुलीच्या वयाचा पुरावा. जन्माचा दाखला घरच्या कपाटात, शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा. तो हाताशी नसताना घरच्यांनी 'मुलगी अल्पवयीन आहे, पळवून नेली' अशी तक्रार दिली की प्रकरण चिघळतं. नोटीस देण्याआधीच प्रत काढून ठेवा. धमक्या येत असतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अशा जोडप्यांना संरक्षण द्या, सुरक्षित निवारा द्या, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात दिले आहेत. अर्जात त्याचा उल्लेख करा. जातपंचायतीने वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मालमत्तेचं कुणी आधी सांगत नाही. हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख व्यक्तीने याबाहेरच्या धर्मातल्या व्यक्तीशी विशेष विवाह कायद्याने लग्न केलं, तर ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं धरलं जातं. हिस्सा बुडत नाही, पण पुढचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो.

लग्नाच्या दिवशी अधिकाऱ्यासमोर दोघांनी एकमेकांना म्हणायचं असतं: 'मी तुझा कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते', 'मी तुझा कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार करतो'. दोघांना समजेल त्या भाषेत, म्हणजे मराठीतही. यात कुणी कुणाचं दान करत नाही. साक्षीदार तीन लागतात. ते नातेवाईकच असावेत अशी अट नाही.