तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मेअखेर नाही चालणार

"बागेत झाडाखाली पसरलेल्या खडीतली पानं दर चार दिवसांनी कशाला काढायची? मेअखेर एकदाच काढली तर?" फेब्रुवारीत झाडं पानं टाकायला लागली की हे विचारलं जातंच. आणि जूनमध्ये पाणी तुंबलं की तेच लोक पुन्हा विचारतात. म्हणून एकदा नीट सांगते.

पिंपळाचं पान मोठं, ते खडीवरच राहतं. खरा त्रास गुलमोहर आणि सोनमोहराचा. त्यांच्या पर्णिका, म्हणजे पानाची बारीक बारीक पानं, जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच्या. 20 एमएमच्या खडीच्या फटींतून सरळ खाली जातात. पायाखाली त्यांचा चुरा होतो आणि पहिल्या पावसात त्याची माती व्हायला लागते. मग खराटा काय करणार?

कोथरूडच्या एका बंगल्यात गुलमोहराखालची दहा फूट बाय बारा फुटांची खडी दोन वर्षं फक्त वरून पाइपने धुतली जात होती. वरून ती अगदी स्वच्छ दिसायची. पाण्याने धुवा, हा सल्ला माझाच होता. तेव्हा मला तो बरोबर वाटत होता, पण पाणी चुरा बाहेर काढत नाही, आणखी खाली ढकलतं. शेवटी खडी उपसावी लागली. वरची बोटभर खडी मोकळी होती. त्याखाली काळा, ओलसर थर होता, चिमटीत धरला तर चहाच्या चोथ्यासारखा. त्यात लव्हाळा माजलेला, आणि त्याचे कोंब खालच्या जिओटेक्स्टाइलला, म्हणजे खडीखाली अंथरलेल्या पाणी झिरपू देणाऱ्या कापडाला, भोकं पाडून वर आलेले. कापडाची उरलेली छिद्रं गाळाने बुजलेली, म्हणून पाणी मुरत नव्हतं. दोन इंच जाडीची खडी म्हणजे वीस घनफूट, साधारण नऊशे किलो. साठेक घमेली उपसायची, 6 एमएमच्या चाळणीवर चाळायची, धुवायची, कापड बदलायचं आणि पुन्हा पसरायची. माळीकाकांच्या पाठीचं काय होतं ते विचारा.

त्यापेक्षा हे करा. सकाळी दहानंतर, दव सुकल्यावर, लवचिक तारांचा पंजा आडवा धरून हलक्या हाताने ओढा. दाबलात तर खडीही येते आणि पानंही खाली रुततात. पानं उडवायचा ब्लोअर चालतो, पण पानं कोरडी हवीत, वेग कमी आणि नळी तिरपी हवी. डोळ्यांवर चष्मा लावा. बारीक खडी उडते. ओढून घेण्याच्या मोडवर मात्र खडीवर कधीच चालवू नका, एक खडा आत गेला तरी पंख्याचं पातं तुटू शकतं.

पर्णिकांसाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे 75 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, म्हणजे शेडनेट. जानेवारीअखेर खडीवर अंथरायची, कडांना विटा ठेवायच्या. आठवड्याने चारही कोपरे उचलले की पानं एका झोळीत. ती जाळू नका. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, आणि ही पानं कुंड्यांत आच्छादनाला सोन्यासारखी आहेत. अदिती देवधर यांनी पुण्यात 'ब्राउन लीफ' सुरू केलं ते याचसाठी: ज्यांना पानं नकोत आणि ज्यांना हवीत, त्यांची गाठ घालून द्यायला.

"मग गुलमोहराखाली खडीच नको ना?" हेही विचारता. उघडी माती ठेवली तर पानं तिथेच कुजतील, मला पटतं. पण गेटपासून पायरीपर्यंत पावसाळ्यात चिखल तुडवायचा, हे नाही पटत. फरशी घातली तर झाडाच्या मुळांना पाणी कुठून मिळणार? सध्या तरी जाळीच अंथरते आहे.