काढणं, उतरवणं आणि टेक ऑफ

विमानाने ‘टेक ऑफ’ केलं की ते आभाळात जातं. बूट ‘टेक ऑफ’ केले की ते दाराशी पडतात. चोराने ‘टेक ऑफ’ केलं तर तो हाती लागत नाही, आणि धंद्याने केलं तर मालकाचे हात गगनाला लागतात. इंग्रजी शिकणाऱ्याला वाटणारच, ही काय थट्टा चालवली आहे?

थट्टाही यात बसते म्हणा. एखाद्याच्या लकबींची हुबेहूब नक्कल करणं, हाही ‘टेक ऑफ’चा अर्थ, आणि तोही चांगला जुना. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच सांगून टाकलं की परक्यांना सगळ्यात जड जातात ती असली शेपूटवाली क्रियापदं. तिथे त्याने ‘टेक ऑफ’चाही दाखला दिला आहे, अर्थ एकच, नक्कल करणं. विमान कुठून असणार? राइट बंधू उडाले 1903 मध्ये.

मराठी माणसाने मात्र फार बिचकू नये. आपण बूट काढतो, रजा काढतो, अंगाशी आलं की पळही काढतो. तिन्हीकडे इंग्रजीत ‘टेक ऑफ’ चालतं. नक्कल राहिली, तर फळ्यावरचा मजकूर आपण वहीत उतरवतो आणि अंगातले कपडेही उतरवतोच. घोटाळा फक्त विमानाचा. ते ‘उतरवलं’ की नेमकं जमिनीवर येतं!

अर्थ संदर्भाने कळतो. खरी मेख शब्दांच्या जागेत आहे. विमानाला आणि चोराला कर्म लागत नाही, बुटांना लागतं. ‘टेक ऑफ युअर शूज’ म्हणा की ‘टेक युअर शूज ऑफ’, कुणी हटकणार नाही. पण बुटांच्या जागी सर्वनाम आलं, की त्याला मधेच बसावं लागतं: ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ म्हणणारा तिथल्या तिथे पकडला जातो. हा नियम पाठ करण्यापेक्षा वाक्य मोठ्याने म्हणून पाहावं. इंग्रजीत जोर सहसा शेवटाकडे पडतो, आणि ‘देम’ म्हणजे कोण हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. एवढ्याशा शब्दाला शेवटचा मान कोण देणार?