टब लांब नको, खोल हवा

बाथटब बघायला शोरूममध्ये गेलात की विक्रेता आधी लांबी सांगतो. हा साडेपाच फुटी, हा सहा फुटी, यात मॅडम आरामात पाय पसरून पडता येईल. मला विचाराल तर तो आकडा बाजूला ठेवा आणि मोजपट्टी घेऊन टबात वाका. आतल्या बाजूला, वरच्या काठाच्या थोडं खाली एक गोल भोक असतं, ओव्हरफ्लोचं. तळापासून त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत जितकं अंतर, तितकंच पाणी टबात राहणार. त्याच्या वरची सगळी उंची फक्त दिसण्यापुरती. बाहेरून २ फूट उंच असलेल्या एका फार देखण्या टबात मी हे अंतर मोजलं, तर १५ इंच भरलं. १५ इंच पाण्यात बसलं की छाती आणि खांदे उघडे राहतात, आणि डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत अंगाला निम्मी ऊब आणि निम्मा गारठा असा प्रकार होतो.

आपल्याला किती खोली लागेल हे घरीच कळतं. भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसायचं आणि कुणाला तरी जमिनीपासून खांद्यापर्यंत मोजायला सांगायचं. माझं माप २१ इंच आलं, यांचं २३. पाण्यात माणूस जरा सैलावून खाली सरकतो, त्यामुळे ओव्हरफ्लोपर्यंत निदान २० इंच हवेत हे आमचं नक्की झालं. त्या एका आकड्याने शोरूममधले निम्म्याहून जास्त टब तिथल्या तिथे बाद झाले.

हे वेड मला लागलं ते मुलीच्या घरी. ती टोकियोत निशी-कसाईला राहते. भारतीय कुटुंबं बरीच आहेत त्या भागात. त्यांचं बाथरूम आपल्या फ्लॅटमधल्यापेक्षा मोठं नाही, पण त्यात एक आखूड, खोल टब. गुडघे दुमडून बसायचं आणि पाणी थेट मानेखाली. तिथे टबात साबण लावत नाहीत. टबाबाहेर, फरशीवरच्या छोट्या स्टुलावर बसून आधी अंग घासून स्वच्छ धुवायचं आणि मग गरम पाण्यात जाऊन नुसतं बसायचं. घरातली सगळी माणसं एकामागून एक तेच पाणी वापरतात. मधल्या वेळात टबावर झाकण, आणि पाणी निवलं तर भिंतीवरचं एक बटण दाबून तेच पाणी पुन्हा तापवायची सोय.

मी ते बघितलं आणि मनात आलं, अहो, ही तर आपलीच न्हाणी! आपल्याकडे सगळी जमीन ओली होते, उतार ट्रॅपकडे असतो, पाटावर बसून तांब्याने अंघोळ करायची सवय आपल्याला आहेच. टबातच साबण, टबातच शॉवर आणि बाहेरची जमीन कोरडी, ही पद्धत आपल्या बाथरूमला बाहेरून आणून चिकटवावी लागते. आखूड आणि खोल टब मात्र आपल्या न्हाणीत काहीही न बदलता बसतो. बादली आणि मग्गा जागच्या जागी, आणि एका कोपऱ्यात टब. आमचे हे मूळचे दापोलीकडचे, उन्हवऱ्याच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बसायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे यांना पटवायला वेळ लागला नाही.

शेवटी घेतला तो ॲक्रिलिकचा, बाहेरून १२०० बाय ७०० मिलिमीटर, उंची ६५०, ओव्हरफ्लोपर्यंत ५२०. तिथपर्यंत भरला तर साधारण २४० लिटर. माणूस आत बसला की त्याच्या अंगाएवढं पाणी वर सरतं, त्यामुळे भरायला १८० पुरतं.

आता हे १८० लिटर गरम कुठून आणायचं? टबाच्या खरेदीतला हाच खरा प्रश्न आहे आणि शोरूममध्ये तो कुणी काढत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे वही उघडल्याशिवाय मला राहवेना. थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांवर धरा, आपल्याला हवं ४०. गीझरमध्ये ६० अंशांचं पाणी असेल तर निम्मं गरम, निम्मं गार असं मिसळून ४० होतं. म्हणजे २५ लिटरच्या गीझरमधून ५० लिटर मिळणार. १८० साठी तो जवळजवळ चार वेळा तापवायला हवा, आणि २ किलोवॉटच्या गीझरला एकदा तापायला ३५ मिनिटं. पहिली टाकी तयार आहे असं मानलं तरी उरलेल्या तिघींना पावणेदोन तास, आणि तोवर आधी सोडलेलं पाणी निवत जाणार. वीज लागते सव्वाचार युनिट, तिचं मला फार वाटत नाही. अडचण वेळेची आहे. टबासाठी बजेट असेल आणि मोठ्या गीझरसाठी नसेल, तर टब घेऊ नका, एवढं स्पष्ट सांगते.

आमच्या गच्चीवर २०० लिटरचा सोलर आधीपासून होता. सोलरचं पाणी दिवसभर तापून संध्याकाळी पाचच्या सुमाराला सगळ्यात गरम असतं, म्हणून आमची टबाची वेळ संध्याकाळची. सकाळच्या अंघोळी बादलीनेच. गच्चीवरून येणाऱ्या पाइपातलं सुरुवातीचं गार पाणी बादलीत काढून घेतो, ते धुण्याला जातं.

टबातलं पाणी निवतं ते मुख्यतः वरच्या पृष्ठभागावरून, वाफेवाटे. आखूड, खोल टबाचं तोंड लांब टबापेक्षा लहान, त्यामुळे तेवढंच पाणी जास्त वेळ गरम राहतं. त्यावर झाकणासाठी मी जाड फोमची शीट मापाने कापून घेतली. एकाची अंघोळ झाली की ती टाकायची, दुसरा येईपर्यंत पाणी चांगलं राहतं.

ॲक्रिलिक का, असं बऱ्याच जणींनी विचारलं. आजीच्या तांब्याच्या बंबाची आठवण मलाही येते, आणि तांब्याचा टब दिसतो सुंदर, पण तांब्यातून उष्णता भराभर बाहेर जाते. ओतीव लोखंडाचा टब टिकाऊ, पण रिकामाच शंभर किलोच्या वर, आणि पहिलं गरम पाणी तो स्वतःच पितो. ॲक्रिलिक हाताला गार लागत नाही. घेताना तळावर तळहाताने जोरात दाबून बघा. दबला किंवा कुरकुरला तर खालचा फायबरग्लासचा थर पातळ आहे, तो टब सोडा. रंग पांढराच घ्या. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, काळ्या टबावर त्याचे क्षार दोन दिवसांत उठून दिसले असते. पाणी सोडल्यावर ओल्या फडक्याने पुसून काढते, ॲसिड कधीच नाही. पाण्याचे झोत मारणारे पंपवाले टब मी बघितलेही नाहीत. त्यांच्या नळ्यांत पाणी साचून राहतं, आणि मला शांत पाण्यात बसायचं होतं.

खोल टबाची एक खरी अडचण म्हणजे काठ. ६५० मिलिमीटरचा काठ ओलांडताना साठीच्या माणसाचा पाय घसरला तर काय, या विचाराने मला झोप लागत नव्हती. आमचं बाथरूम तळमजल्यावर, खाली माती. म्हणून टब जमिनीत २०० मिलिमीटर उतरवला. आता काठ ४५० वर आला, खुर्चीच्या बैठकीएवढा. काठावर बसायचं, एकेक पाय आत घ्यायचा, भिंतीतली आडवी दांडी धरून खाली उतरायचं. ती दांडी टाइलवर नाही, विटेत खोलवर ठोकलेल्या फास्टनरवर आहे. तिथे काटकसर नको. प्लंबरने आधी विचारलं, "मॅडम, एवढा खड्डा कशाला?" पण कळल्यावर त्यानेच बाहेरचा चेंबर मोजून दाखवला. टब खाली गेला की त्याचं पाणी जाणारा पाइपही खाली जातो, चेंबर त्याहून खोल नसेल तर टब रिकामाच होणार नाही. खड्ड्यालाही वेगळी निचऱ्याची वाट ठेवली, आणि ट्रॅपपर्यंत हात जाईल असं झाकण.

पाण्याच्या नासाडीबद्दल कुणी बोललं तर मला राग येत नाही, बोलायलाच हवं. शहरात माणशी रोज १३५ लिटर असा हिशेब धरतात, आणि हा टब एका वेळी त्याहून जास्त घेतो. म्हणूनच तो रोज भरत नाही, भरला की आम्ही दोघं वापरतो, आणि त्यात साबण नसल्यामुळे पाणी रात्रभर निवू देऊन सकाळी छोट्या पंपाने नारळाला आणि कर्दळीला जातं.

यांना रक्तदाबाची गोळी आहे. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं: ४० अंशांच्या वर नाही, १५ मिनिटांच्या वर नाही, उठताना सावकाश, आणि घरात दुसरं कुणी असल्याशिवाय नाही. जपानमध्ये हिवाळ्यात वयस्क माणसं गरम टबात बेशुद्ध पडतात, हा तिथे गंभीर प्रश्न मानला जातो. मुलीने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हापासून थर्मामीटर टबाजवळच टांगलेला आहे.

आता पुण्याच्या धाकट्या दिरांना असाच टब हवा आहे, पाचव्या मजल्यावर. त्यांना मी थांबवलंय. पाणी, माणूस आणि टब मिळून २९० किलो, तेही पाऊण-एक चौरस मीटरवर. घरातल्या बाथरूमचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरून आखतात. भार छोट्या जागेवर असल्यामुळे तो चालेलही, पण हे ठरवायचं स्ट्रक्चरल इंजिनिअरने, इमारतीचे नकाशे बघून. शिवाय खालच्या मजल्यावर गळती झाली तर सोसायटीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही, म्हणून वॉटरप्रूफिंग नव्याने करून, पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवून बघायचं. आणि भावजी, दाराची चौकटही मोजा. तुमची सव्वादोन फुटांची आहे, टब २८ इंचांचा. आडवा करून आत जाईल, पण आधी लिफ्टमध्ये मावतो का ते बघा.